उसनी पारख आणि आपले उत्तरदायित्व

सूरह अल-कहफमध्ये गुहेतील ईमानवंत तरुणांची जी हकिकत आली आहे, तिच्यात एका नाण्याचा उल्लेख आहे. दीर्घ निद्रेतून जागे झालेले ते तरुण आपल्यापैकी एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवतात आणि शुद्ध अन्न पाहून आणण्यास सांगतात. मुफस्सिरांनी दिलेल्या तपशिलानुसार, दुकानदाराने ते नाणे हाती घेतले आणि तो चकित झाला. त्यावर ज्या राजाची मुद्रा होती, त्याचे राज्य केव्हाच लयास गेले होते. या तरुणाला कोठेतरी गुप्तधन सापडले असावे, असे त्याला वाटले. तरुणाने स्वतःविषयी काही सांगण्यापूर्वीच नाण्याने त्याच्या काळाची साक्ष दिली होती.

जुने नाणे हा असाच एक साक्षीदार असतो. ते आपल्या काळाविषयी, राजाविषयी, टांकसाळीविषयी बोलते. म्हणूनच अनेकांना जुनी नाणी जमवण्याची आवड असते, आणि ही आवड मुळात निंद्य नाही. परंतु साक्षीदार खोटाही असू शकतो. मग त्याच्या सत्यतेची ग्वाही देणारा दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो दुसराही खोटा निघाला तर? आज अनेक तरुण मोबाईलच्या पडद्यावर छायाचित्र पाहून, पारदर्शक पेटीत मोहोरबंद केलेली आणि गुणांक दिलेली नाणी हजारो रुपये मोजून विकत घेत आहेत. असा व्यवहार शरीअतच्या दृष्टीने कसा आहे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. या प्रश्नाच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे: ज्या गोष्टीचे ज्ञान आपल्याला नाही, त्या गोष्टीत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून आपण किती दूर जावे? आणि तो शब्द चुकीचा ठरला, तर उत्तरदायी कोण? प्रिय वाचकहो, या लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे.

पेटीबंद नाण्याचा व्यवहार

प्रथम व्यवहार समजून घेऊ, कारण वस्तुस्थिती नीट जाणल्याशिवाय तिच्यावर हुकूम लावता येत नाही. नाण्याची किंमत त्याच्या दुर्मिळतेवर जशी अवलंबून असते, तशीच त्याच्या अवस्थेवरही असते. अमेरिकन संग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये आपल्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी एक ते सत्तर अशी मोजपट्टी सुचवली. तीच पुढे सर्व नाण्यांना लावली जाऊ लागली. या मोजपट्टीवर साठ आणि त्यावरील गुण हे चलनात न फिरलेल्या नाण्याचे मानले जातात. चौसष्ट आणि पासष्ट यांतील फरक सामान्य डोळ्यांना दिसतही नाही, पण दुर्मिळ नाण्याच्या बाबतीत त्या एका गुणाने किंमत कित्येक पटींनी बदलू शकते.

विकणारा आपल्या नाण्याला जास्त गुण देणार आणि घेणारा कमी, हे उघड आहे. या वादावर तोडगा म्हणून अमेरिकेत १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्थांनी काम सुरू केले. नाणे या संस्थेकडे पाठवावे, तिच्या परीक्षकांनी ते खरे की खोटे हे पाहावे, गुण द्यावेत आणि क्रमांकासह प्लास्टिकच्या कठीण पेटीत ते कायमचे बंद करावे, अशी ही पद्धत आहे. विकणारा आणि घेणारा या दोघांखेरीज हा तिसरा असतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते. भारतीय नाणीही आज अशा पेट्यांमध्ये बंद होऊन संकेतस्थळांवर विक्रीस येतात.

ही कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही

असे तिसऱ्याचे प्रमाणपत्र ही पाश्चात्त्य जगाने काढलेली अगदी नवी युक्ती आहे, असे कोणी समजू नये. खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी ७७ मध्ये संपूर्ण अरबी मजकुराचा दीनार पाडला. त्या काळात आणि त्यानंतर मिसरमध्ये नाण्यांचे वजन तपासण्यासाठी शासनाच्या अधिकाऱ्याचे नाव कोरलेली काचेची वजने वापरली जात. काहिरामधील एका जुन्या सिनेगॉगच्या कोठडीत सापडलेल्या मध्ययुगीन कागदपत्रांतून असे दिसते की, त्या काळचे व्यापारी दीनार मोजून देण्याऐवजी मोहोरबंद थैल्या देत. आतील नाण्यांचे वजन आणि मूल्य थैलीवर लिहिलेले असे, आणि ती थैली न उघडताच एका हातातून दुसऱ्या हातात जाई. आजची प्लास्टिकची पेटी ही त्या थैलीचीच दूरची वारस म्हणावी लागेल.

आपल्या मराठी मुलखातही हे काम करणारी माणसे होती. शासनाच्या खजिन्यात येणारे नाणे पारखून घेणारा तो पोतदार. नाणी बदलून देणारा तो सराफ, आणि हा शब्द अरबीतील ‘सर्राफ’पासून आपल्याकडे आला. नाणे झिजलेले किंवा परमुलखातील असेल तर सराफ त्यावर बट्टा घेई. माणसाच्या नावाला बट्टा लागतो असे आपण आजही म्हणतो, तेव्हा बाजारपेठेतील तोच अनुभव चारित्र्याला लावत असतो. पोतदार आणि सराफ यांच्याकडे दोन मोठी साधने होती: तराजू आणि कान. नाणे तोलून पाहावे आणि दगडावर वाजवून पाहावे. खऱ्या चांदीचा आवाज खणखणीत येतो, हिणकस नाणे बद्द वाजते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीत बंद झालेले नाणे तोलता येत नाही आणि वाजवताही येत नाही. १८३५ पासून पाडलेल्या कंपनी सरकारच्या आणि पुढे ब्रिटिश राजवटीतील चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते. हाती मोकळे नाणे असेल तर पाचशे-सातशे रुपयांच्या काट्यावरही पुष्कळ खोट्या रुपयांचे पितळ उघडे पडते. पेटी मात्र या दोन्ही परीक्षा आपल्यासाठी बंद करते. स्वतः पडताळायचे तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडताच तिच्यासोबतची हमी संपते. म्हणजे येथे विश्वास ठेवणे आणि खात्री करून घेणे यांतील एकच निवडता येते. या व्यवहारातील नैतिक पेच हाच आहे.

पारख उसनी घेता येते का?

होय, घेता येते. दीनने ज्ञान नसलेल्याला ज्ञानवंतांकडे विचारणा करण्याची आज्ञाच केली आहे. सूरह अन-नहल आणि सूरह अल-अंबियामध्ये हा आदेश आला आहे. आजारी माणूस वैद्याचे ऐकतो, प्रवासी वाटाड्याचे ऐकतो, सामान्य मुसलमान मसअला विचारण्यासाठी मुफ्तींकडे जातो. प्रत्येकाने प्रत्येक विद्या स्वतः आत्मसात करावी, असा भार अल्लाहने कोणावर टाकलेला नाही.

मात्र ज्याच्याकडून पारख उसनी घ्यावयाची, त्याची पारख आपल्यालाच करावी लागते. ती दुसऱ्यावर सोपवता येत नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये आदेश आहे की अविश्वसनीय माणूस वार्ता घेऊन आला तर शहानिशा करावी, न जाणो अज्ञानापोटी कोणाला इजा पोहोचवू आणि मग पश्चात्ताप करीत बसू. सूरह अल-इस्रामध्ये ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे जाऊ नये, असे बजावले आहे आणि कान, डोळे व अंतःकरण या सर्वांची विचारणा होणार असल्याचे सांगितले आहे. या दोन आदेशांनी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची सीमा आखून दिली आहे.

ही सीमा कशी पाळावी, हे आपल्या मुहद्दिसांनी दाखवून दिले आहे. अरबीत ‘नक्द’ हा शब्द रोख नाण्यासाठी आहे आणि नाणे पारखण्यासाठीही आहे. हदीसच्या परीक्षणालाही तोच शब्द लावला गेला. तिसऱ्या हिजरी शतकातील थोर हदीसतज्ज्ञ अबू हातिम राझी (रह.) यांच्याविषयी त्यांच्या पुत्राने एक प्रसंग नोंदवला आहे. एक माणूस हदीसचे टिपण घेऊन आला. त्यातील काही रिवायती खऱ्या, काही चुकीच्या, काही रचलेल्या, असे अबू हातिम यांनी सांगितले. ‘आपल्याला हे गैबचे ज्ञान आहे काय?’ या अर्थाचा प्रश्न त्या माणसाने केला. अबू हातिम यांनी त्याला अबू झुरआ (रह.) यांच्याकडे जाऊन तेच टिपण दाखवण्यास सांगितले. दोघांची उत्तरे जुळली. तेव्हा त्यांनी सराफाचा दाखला दिला: सराफ खोटा दीनार हाती घेताच ओळखतो, पण त्याला ‘कसे ओळखलेस’ म्हणून विचारले तर त्याच्याकडे विद्येशिवाय दुसरे उत्तर नसते.

या प्रसंगात तिऱ्हाइताच्या प्रमाणपत्राविषयीची सारी शिकवण सामावलेली आहे. परीक्षकाची विद्या सिद्ध असावी. त्याचा निकाल दुसऱ्या स्वतंत्र परीक्षकाच्या निकालाशी जुळावा. आणि त्याने आपल्या निकालाची पुन्हा तपासणी होऊ देण्यास हरकत घेऊ नये. जो परीक्षक या तीन गोष्टींत टिकतो त्याच्यावर विसंबणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. जो टिकत नाही त्याची पेटी कितीही चकचकीत असली तरी ती केवळ प्लास्टिक आहे.

जोखीम कोठे कोठे आहे?

आता या कसोटीवर प्रत्यक्ष व्यवहार घासून पाहू. पहिली जोखीम परीक्षकाची. रिकाम्या पेट्या बाजारात मिळतात आणि चिठ्ठी छापणे सोपे आहे. त्यामुळे स्वतःच संस्थेचे भारदस्त नाव घेऊन, स्वतःच्याच नाण्याला सदुसष्ट गुण देऊन, स्वतःच विकणारेही आढळतात. येथे तिसरा कोणी नसतोच. दावेदारानेच साक्षीदाराचा अंगरखा घातलेला असतो. नामांकित संस्थांच्या बाबतीतही लक्षात ठेवावे की, शुल्क देतो तो नाणे पाठवणारा, आणि तो बहुधा विकणाराच असतो. एवढ्यावरून त्या संस्था अप्रामाणिक ठरत नाहीत. पण गुणांक हे माणसाचे मत आहे आणि माणसागणिक त्यात फरक पडतो. म्हणूनच काही लोक पेटी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात, या वेळी एक गुण जास्त मिळेल या आशेने.

दुसरी जोखीम पेटीची. प्रसिद्ध संस्थांच्या पेट्यांच्या हुबेहूब नकला होतात. नक्कल करणारा खऱ्या नाण्याचा खरा क्रमांक उचलतो, त्यामुळे संस्थेच्या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासला तर नोंद बरोबर दिसते. केवळ क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नये. तेथे त्या नाण्याचे छायाचित्र असेल तर ते समोरच्या नाण्याशी ओरखडा न् ओरखडा ताडून पाहावे. छापा किंचित तिरका पडलेला असेल, एखादा डाग असेल, तर तो दोन्हीकडे सारखाच असला पाहिजे.

तिसरी जोखीम गुणांकाचा चुकीचा अर्थ लावण्याची. गुण अवस्थेचे असतात, दुर्मिळतेचे नसतात. लाखोंनी पाडलेले अलीकडचे नाणे सहासष्ट गुणांचे असले तरी ते सामान्यच राहते. काही विक्रेते सांगतात की या गुणांची जगात केवळ तीनच नाणी नोंदली गेली आहेत. विधान खरेही असेल. पण भारतीय नाण्यांपैकी फारच थोडी नाणी तपासणीसाठी पाठवली जातात, हे ते सांगत नाहीत. नोंद तीन आहे म्हणजे नाणी तीन आहेत, असा अर्थ होत नाही. खऱ्या वाक्याने खोटा समज उत्पन्न करणे हाही फसवणुकीचाच प्रकार आहे.

चौथी जोखीम कायद्याची. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचे उदाहरण घेऊ. त्या नाण्यावर राजाच्या झग्यावरील हत्तीची आकृती डुकरासारखी भासते, अशी ओरड झाली. मुसलमानांच्या भावना दुखावल्या जातील म्हणून नाणे मागे घेऊन पुढच्या वर्षी आकृती सुधारण्यात आली. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहकांच्या विशेष आवडीचा झाला. आता हा रुपया शंभर वर्षांहून जुना आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. मग ‘मी हे नाणे नुकतेच परदेशातून तपासून आणले’ असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर तो नकळत कशाची कबुली देत आहे, याचा विचार करावा. नाणे पूर्वीपासूनच परदेशात असू शकते, ही शक्यता आहे. पण विचारणे आपले काम आहे. देशाचा कायदा पाळण्याचा करार आपण केलेला आहे आणि करार पूर्ण करण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या आरंभीच आली आहे.

पाचवी जोखीम उघड लुबाडणुकीची. जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील असे आमिष दाखवून आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागायचा, हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा द्यावा लागला. कोणी अशा जाळ्यात सापडला तर लाजेने गप्प बसू नये, त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. याच प्रकारात ७८६ आकड्याच्या नोटांचा बाजार येतो. अक्षरांच्या अंकमूल्यांची ती बेरीज आहे, इतकेच. त्या आकड्याच्या नोटेत बरकत असते याला कुरआन-हदीसमध्ये कोणताही आधार नाही. आपल्या श्रद्धेलाच गिऱ्हाईक करणाऱ्यांपासून सावध राहणे, हा ईमानाच्या रक्षणाचा भाग आहे.

फिक्हच्या दृष्टीने

आता हुकूम. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘गरर’च्या, म्हणजे ज्याचे स्वरूप वा परिणाम अंधारात आहे अशा, विक्रीस मनाई केली आहे. तथापि प्रत्येक व्यवहारात थोडी अनिश्चितता असतेच, आणि फुकहांनी किरकोळ गरर क्षम्य मानला आहे. ओळखीची संस्था, पडताळता येणारा क्रमांक, स्पष्ट छायाचित्रे आणि परत करण्याची मुभा असेल, तर पेटीबंद नाण्याची खरेदी मूलतः वैध आहे. यांतील एकेक आधार काढून घेत जाल तसतसा गरर वाढत जातो.

न पाहिलेल्या वस्तूच्या खरेदीबाबत मजहबांमध्ये मतभेद आहे. हनफी मतानुसार असा सौदा होतो, पण वस्तू पाहिल्यावर ती नाकारण्याचा अधिकार खरेदीदाराला राहतो. शाफई मजहबाच्या प्रबळ मतानुसार न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूचा सौदाच ग्राह्य होत नाही. आपल्या कोकणातील बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांनी नाणे प्रत्यक्ष पाहिल्यावरच सौदा पक्का होईल अशी बोली आधीच करून घ्यावी. हनफींसाठीही हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे. वस्तूत लपवलेला दोष निघाला तर ती परत करण्याचा अधिकार उभय मजहबांत मान्य आहे.

सोन्या-चांदीच्या नाण्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सोन्याच्या बदल्यात सोने आणि चांदीच्या बदल्यात चांदी समसमान आणि हातोहात असावी, असा स्पष्ट आदेश हदीसमध्ये आहे. मालाचा दर्जा चढा असल्याने वजनातील फरक वैध होत नाही. हजरत बिलाल (रजि.) यांनी हलक्या प्रतीच्या दोन मापे खजुरांच्या बदल्यात उत्तम प्रतीचे एक माप घेतले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो व्याजाचा व्यवहार ठरवला आणि मार्गही दाखवला: आधी आपला खजूर विकावा आणि आलेल्या किमतीतून दुसरा घ्यावा. म्हणून पासष्ट गुणांचा चांदीचा एक रुपया देऊन साधारण अवस्थेतील तीन रुपये घेण्याचा जो प्रकार संग्राहकांमध्ये सर्रास चालतो, तो बहुसंख्य फकीहांच्या मते वैध नाही. प्रत्येकाने आपले नाणे पैशाने विकावे आणि दुसरे पैशाने घ्यावे. आजच्या चलनी रुपयांनी सोन्या-चांदीचे नाणे खरेदी करताना पैसे आज आणि नाणे आठ दिवसांनी असे चालेल काय, याविषयी समकालीन विद्वानांत दोन मते आहेत. अनेक जण ताबा त्याच वेळी मिळणे आवश्यक मानतात. सावधगिरी याच मतात आहे. आपल्या परिसरातील मुफ्तींना विचारून घ्यावे.

लिलाव मुळात वैध आहे. स्वतः प्रेषितांनी (स.) एका गरजू अन्सारी व्यक्तीचा पेला आणि वस्त्र अधिक बोली लावणाऱ्यास विकून दिले होते. परंतु घ्यावयाचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला ‘नजश’ म्हणतात, ते निषिद्ध आहे. टोपणनावाने स्वतःच्याच नाण्यावर बोली लावणारा विक्रेता हेच करीत असतो. त्याचप्रमाणे ठरावीक रक्कम भरा आणि आत कोणते नाणे निघेल ते नशिबावर सोडा, अशा बंद खोक्यांची विक्री होते. कोणाच्या खोक्यात शंभर रुपयांचे नाणे, कोणाच्या खोक्यात दहा हजारांचे. नाण्याच्या वेषातला हा जुगार आहे आणि तो हराम आहे. संग्रहातील सोन्या-चांदीच्या नाण्यांवर जकातचा हिशेब करावयाचा असतो, हेही अनेक जण विसरतात. ती केवळ हौसेची वस्तू आहे म्हणून सोने-चांदीची जकात टळत नाही.

जाणकाराचे कर्तव्य

आतापर्यंत आपण खरेदीदाराला सावध करीत होतो. परंतु इस्लामी बाजारनीतीचा अधिक भार जाणकारावर असतो, मग तो विकणारा असो वा घेणारा. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असा कठोर निर्वाळा दिला. पाऊस विक्रेत्याने पाडला नव्हता. त्याचा दोष एवढाच की त्याला माहीत असलेली ओल त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड ठेवली. घासून चकचकीत केलेले नाणे मूळ झळाळीचे म्हणून विकणे, कडेचा ओरखडा छायाचित्रात येणार नाही असा प्रकाश टाकणे, ‘पेटीवर लिहिले आहे ते पाहा, मी काही सांगत नाही’ असे म्हणून हात झटकणे, हे सर्व भिजलेले धान्य खाली दडपण्यासारखेच आहे. संस्थेचे प्रमाणपत्र विक्रेत्याला माहीत असलेला दोष सांगण्यापासून मुक्त करीत नाही.

आणि जाणकार जर घेणारा असेल तर? एखाद्या विधवेच्या पेटीत निघालेला दुर्मिळ रुपया ती चांदीच्या भावाने देऊ करते. घेणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक आहे, तिला नाही. कायदा त्याला अडवणार नाही. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी तीनशेला एक घोडा ठरवण्यात आला होता. घोडा पाहून त्यांनी मालकाला सांगितले की याची योग्यता अधिक आहे, आणि स्वतःच भाव वाढवत आठशेपर्यंत नेला. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची बैअत आपण प्रेषितांशी (स.) केली आहे, हे त्याचे कारण त्यांनी दिले. आपल्यापैकी प्रत्येकाला हा उच्चांक गाठता येईलच असे नाही. पण दुसऱ्याचे अज्ञान ही आपली कमाई नव्हे, एवढे तरी या प्रसंगातून शिकता येईल.

खोटे नाणे हाती आले तर

सगळी दक्षता घेऊनही कधी खोटे नाणे पदरी पडते. विकणारा फोन उचलत नाही, संस्था हमीच्या अटी दाखवते, पैसे बुडाले हे कळून चुकते. आणि नेमक्या याच क्षणी सैतान कानाशी लागतो: पेटी तर छान दिसते आहे, तुलाही कोणी तरी असेच विकले, तूही पुढे विकून मोकळा हो. मला वाटते, या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी जोखीम हीच आहे. आधीच्या जोखमींमध्ये पैसा जात होता, येथे दीन जातो.

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये कमाईच्या शिष्टाचारांवर लिहिताना खोट्या नाण्यावर स्वतंत्र विवेचन केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, चोरी केली तर ते पाप तेथेच घडून संपते. पण खोटा दिरहम चालवला तर तो हातोहात फिरत राहतो, आणि चालवणारा मेल्यावरही त्या प्रत्येक फसवणुकीचा वाटा त्याच्या खात्यात जमा होत राहतो. म्हणून ज्याच्याकडे असे नाणे येईल त्याने ते विहिरीत टाकून द्यावे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही. पुढे ते आणखी एक गोष्ट सांगतात. व्यापाऱ्याने नाण्यांची पारख शिकणे आवश्यक आहे. ती कशासाठी? आपण फसू नये एवढ्यासाठी ते ती सांगत नाहीत, तर आपल्या हातून अजाणतेपणी दुसरा मुसलमान फसू नये म्हणून सांगतात.

वाचकहो, या विचाराने आपल्या मूळ प्रश्नाची दिशाच बदलते. ‘मी कसा वाचेन?’ असे विचारीत आपण निघालो होतो. गझाली आपल्याला विचारतात, ‘तुझ्यापासून दुसरा कसा वाचेल?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर पारख उसनी घेऊन मिळू शकते. संस्था, क्रमांक, हमी यांच्या आधारे बरेचसे भागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाकडूनही उसने मिळत नाही. शंका आल्यानंतर पेटीवरच्या अक्षरांआड लपता येत नाही, कारण शंका आपल्या अंतःकरणात आहे आणि विचारणा अंतःकरणाचीही होणार आहे.

तेव्हा ज्याला ही आवड आहे त्याने ती अवश्य जोपासावी, पण आधी ग्रंथ, मग नाणे हा क्रम ठेवावा. मोकळी, स्वस्त, खरी नाणी हाताळून डोळा तयार करावा. पेटीबंद नाणे घेताना परीक्षक कोण, पेटी खरी कशावरून, परत करता येईल काय आणि ही रक्कम बुडाली तर घरातील कोणाच्या हक्कावर गदा येईल काय, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. चौथ्याचे उत्तर ‘येईल’ असे असेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही समाधानकारक असोत, तेथेच थांबावे. आणि कधी खोटे नाणे पदरी पडलेच, तर विकणाऱ्याकडे न्याय मागावा, तक्रार करावी, आणि काहीच हाती लागले नाही तर ते नाणे मोडून टाकावे. आज गावोगावच्या विहिरी बुजल्या असतील, हातोडा मात्र प्रत्येक घरात असतो. बुडालेले चार-दहा हजार रुपये त्या घावासरशी परत येणार नाहीत, परंतु ती फसवणूक आपल्यापाशी येऊन संपली, याची नोंद ज्याच्या दरबारी व्हावयाची त्याच्या दरबारी निश्चित होईल.

अल्लाह आपल्या व्यवहारांत सचोटी, कमाईत बरकत आणि नजरेत पारख देवो, आणि आपल्या हातून कोणाचीही फसवणूक होण्यापासून आपले रक्षण करो. आमीन.